माळ्यावरची भांडी आणि पुण्याची सहल

(महासंघाच्या वार्षिक सभेत फलटण तालुक्यातल्या एका गटाच्या अध्यक्ष ताईंनी त्यांच्या अभ्यास सहलीबद्दल केलेलं हे भाषण. सभेनंतर बऱ्याच जणींनी "आम्हाला लिहून द्या" असं सांगितलं, म्हणून ते इथे देत आहोत.)



मला सांगितलंय की तुमच्या गटाने पुण्याची सहल केली, त्याबद्दल बोला. आता सहल म्हटलं की लोकांना वाटतं, गेल्या, फिरल्या, फोटो काढले, आल्या. तसं असतं तर मी इथे उभी राहिले नसते. म्हणून आधी भांडणापासून सुरुवात करते.

आमच्या साप्ताहिक बैठकीत विषय निघाला की यंदा कुठेतरी जाऊ. कुणी म्हणालं तुळजापूर, कुणी म्हणालं अक्कलकोट. आमच्या सीआरपी ताई म्हणाल्या, "देवाला तर आपण जातोच. एकदा पुण्याचं केळकर संग्रहालय बघू या. तिथे जुनी भांडी, दिवे, वाद्यं, बायकांच्या वापरातल्या वस्तू ठेवल्यात." त्यावर आमच्या गटातल्या सगळ्यात वयस्कर आजी, त्यांचं वय 76, फटकन म्हणाल्या, "आगं, ती भांडी तर माझ्या माळ्यावर हायती. ती बघायला पुण्याला कशाला जायचं?"

सगळ्या हसल्या. पण बोलणं खोटं नव्हतं. जे घरात पडलंय ते बघायला तिकीट काढून का जायचं, याचं उत्तर तेव्हा माझ्याकडे नव्हतं. ते परत येताना मिळालं. तेच आज सांगणार आहे.

पैसे कुठून आणले

हे पहिल्यांदा सांगते, कारण सगळ्यांच्या मनात तोच प्रश्न असतो. आमचे मालक मला म्हणाले, "बचत गट कर्जासाठी असतो, फिरायला नाही." मी म्हटलं, बरोबर आहे. म्हणून आम्ही गटाच्या बचतीला, अंतर्गत कर्जाच्या रकमेला हातसुद्धा लावला नाही. वेगळी सहलवही केली. दर बैठकीला प्रत्येकीने नेहमीच्या बचतीशिवाय 10 रुपये द्यायचे. चाळीस आठवड्यांत एकीचे 400 रुपये झाले. आम्ही 21 जणी, म्हणजे 8,400 रुपये. खर्च झाला 7,785. उरलेले 615 रुपये सहलवहीतच ठेवले आणि इतिवृत्तात लिहून सगळ्यांच्या सह्या घेतल्या. सहा मुलं बरोबर होती, त्यांचा खर्च त्यांच्या आयांनी वेगळा दिला.

एका वहिनींना मध्येच तीन आठवडे पैसे देता आले नाहीत, मुलाचं आजारपण होतं. त्यांना आम्ही वगळलं नाही, नंतर भरून घेतले. हे मुद्दाम सांगते. कारण सहलीच्या नावाने जी बाई सगळ्यात अडचणीत असते तीच घरी राहते, आणि तिलाच जायची गरज जास्त असते.

एसटीत बायकांना निम्मं तिकीट आहे, मार्च 2023 पासून. आणि 75 वर्षांच्या पुढच्यांना एसटी मोफत आहे. आमच्या आजी आधार कार्ड दाखवून ऐटीत बसल्या. "तुमी पैसं दिऊन चाललाय, मी सरकारी पाव्हणी," म्हणाल्या.

वाट ओळखीची होती

पहाटेची एसटी धरली. लोणंद, नीरा, जेजुरी, सासवड, मग दिवे घाट उतरून हडपसर आणि स्वारगेट. ही तर माउलींच्या पालखीची वाट, फक्त उलटी. दरवर्षी पालखी पुण्याहून आपल्याकडे येते, त्या दिवशी आम्ही तिच्या वाटेने पुण्याला गेलो. घाट उतरताना एका काकूंनी अभंग सुरू केला आणि सगळ्या बसने धरला. कंडक्टरसुद्धा तिकिटं फाडता फाडता मान हलवत होते.

पुण्याला लोक विद्येचं माहेरघर म्हणतात. ते गाण्याचंही मोठं गाव आहे. पंडित भीमसेन जोशींचे अभंग आपल्याकडे सकाळी सकाळी देवळाच्या भोंग्यावर लागतात. ते मूळचे कर्नाटकातल्या गदगचे. गाणं शिकायचं म्हणून लहानपणी घर सोडून पळाले होते. पुढे पुण्यातच राहिले. त्यांचे गुरू सवाई गंधर्व 1952 साली वारले. त्यांच्या नावाने 1953 पासून पुण्यात संगीत महोत्सव भरतो, दर डिसेंबरला. लोक दिवसच्या दिवस बसून ऐकतात. त्याच्याही आधी, 1911 साली, भास्करबुवा बखल्यांनी पुण्यात भारत गायन समाज काढला, गाणं शिकवण्यासाठी. तो आजही आहे.

हे मी आमच्या बायांना गाडीत सांगत होते, तेव्हा एक जण म्हणाली, "ते मोठ्या लोकांचं गाणं, आपल्याला काय कळतंय?" हा दुसरा प्रश्न. त्याचंही उत्तर पुढे येईल.

केळकर संग्रहालयात

स्वारगेटला उतरलो. तिथून मंडई एकच स्टेशन, चालतही जाता येतं. पण मुलांनी हट्ट धरला, म्हणून जमिनीखालची मेट्रो धरली. सरकत्या जिन्यावर पाय ठेवताना आम्हा मोठ्यांचीच पाचावर धारण बसली. दोघी तिघींनी पदर खोचला, डोळे मिटले आणि पाय टाकला. वर पोचल्यावर मुलं टाळ्या वाजवत होती.

तिथून शुक्रवार पेठेतलं राजा दिनकर केळकर संग्रहालय जवळच आहे. नाव ऐकून आम्हाला वाटलं, कुणा राजाचं असेल. तसं नाही. दिनकर गंगाधर केळकर हे पुण्यातले एक गृहस्थ, 1896 सालचा जन्म. त्यांना सगळे काकासाहेब म्हणत. कविताही करायचे, 'अज्ञातवासी' या नावाने. त्यांचा मुलगा राजा लहानपणीच गेला. त्याच्या नावाने त्यांनी हे संग्रहालय केलं. पत्नी कमलाबाईंनी या कामात जन्मभर साथ दिली. गावोगाव हिंडून, पदरचे पैसे घालून एकेक वस्तू जमवली. अशा वीस हजारांवर वस्तू झाल्या. त्यातल्या थोड्याच एका वेळी मांडता येतात. पुढे हे सगळं त्यांनी शासनाच्या हवाली केलं. 1990 साली ते वारले.

लेकराच्या नावाने हे सगळं केलंय, हे कळल्यावर आमच्यातल्या एक ताई तिथेच भिंतीला टेकून थांबल्या. त्यांचाही मुलगा गेलाय. आम्ही कुणी काही बोललो नाही. थोड्या वेळाने त्या आपणहून पुढे आल्या.

आता आत काय आहे ते सांगते. तलवारी, ढाली आहेत. देवाच्या मूर्ती आहेत. कोरीव दरवाजे आहेत. बाजीराव पेशव्यांनी मस्तानीसाठी कोथरूडला जो महाल बांधला होता, त्याचे भाग आणून तो इथे पुन्हा उभा केलाय. पण आमचे पाय अडकले ते दुसरीकडेच. दिवे. लामणदिवे, समया, हातात धरायचे दिवे. कुंकवाचे करंडे. फण्या. आणि अडकित्ते! एवढे अडकित्ते मी जन्मात बघितले नव्हते. मोराचा, घोड्याचा, बाईमाणसाच्या आकाराचा. सुपारी तर साध्या अडकित्त्यानेही कातरली जाते. पण करणाऱ्याला वाटलं, रोज हातात घ्यायची वस्तू आहे, ती छान असावी.

एका कपाटात पितळेच्या छोट्या वस्तू होत्या, खालून खरखरीत आणि वर पक्ष्याचा, प्राण्याचा आकार. शेजारी दोन कॉलेजच्या मुली उभ्या होत्या. त्यांना कळेना की हे काय. एक म्हणाली पेपरवेट असेल. तेव्हा आमच्या आजी, माळ्यावरच्या भांड्यांच्या आजी, मध्ये घुसल्या. "पोरी, ही वजरी हाय. टाचा घासायची. न्हाताना. माझ्या सासूकडं व्हती, तिच्यावर बदक व्हतं." मग मुलींनी विचारलं, हे काय, ते काय. आजी सांगत सुटल्या. सेवाया कशा पाडायच्या, समईत किती वाती घालायच्या, कुंकू लावायच्या आधी मेण का लावायचं. अर्धा तास झाला. त्या मुली ऐकत होत्या, एक लिहून घेत होती. शेवटी तिने आजींना विचारलं, "तुम्ही इथे काम करता का?"

आजी बाहेर आल्या आणि गप्प झाल्या. आम्हाला वाटलं दमल्या. नंतर म्हणाल्या, "ती बदकाची वजरी मी इकली. चार वर्षं झाली. भंगारवाला आलता. वजरी, दोन समया, एक आडकित्ता, तांब्या. किलोवर घातलं त्येनं. स्टीलची बादली आली."

मग एकेकीने तोंड उघडलं. कुणी आजेसासूचा पानाचा डबा विकला होता. कुणी लग्नात आलेलं तांब्याचं घंगाळ. मीही विकलंय, खोटं कशाला बोलू. सासूबाई गेल्यावर माळा साफ करताना एक लामणदिवा दिला होता, साखळीसकट. वजन करून.

बायांनो, गरज असली की विकावं लागतं. त्यात लाज नाही. पोराची फी भरायची असेल, दवाखाना असेल, तर पितळ काय, सोनंही विकतो आपण. पण आम्ही बऱ्याच जणींनी गरजेपोटी विकलं नव्हतं. जुनं आहे, घासायला त्रास आहे, माळ्यावर जागा अडते म्हणून विकलं. आणि किलोच्या भावाने विकलं. विकताना घरात कुणाला विचारलं नाही की ही वस्तू कुणाची, कुठून आली, हिला काय म्हणतात. वस्तू गेली आणि नावही गेलं. आमच्या सुनांना वजरी हा शब्द माहीत नाही. दहा वर्षांनी आम्हालाही आठवणार नाही.

केळकरांनी वेगळं काय केलं? दुसरे लोक राजांची हत्यारं जमवत होते, तेव्हा त्यांनी बायकांचे करंडे आणि फण्या जमवल्या. ज्या वस्तूंना आपण आपल्याच घरात किंमत देत नव्हतो, त्यांना दिली.

वाद्यांचं दालन

तिथे वाद्यांचं दालन आहे. तारेची वाद्यं, चामड्याची, फुंकायची. मुलांना तिथून हलवणं मुश्कील झालं. आमच्यातल्या एकींचं माहेर पंढरपूरकडचं आहे. त्यांनी सांगितलं की तंबोऱ्याला, सतारीला जो मोठा भोपळा लागतो, तो त्यांच्याकडे शेतात पिकतो. तो वाळवून मिरजेला जातो आणि मिरजेचे कारागीर त्याचा तंबोरा करतात. मिरजेचे तंबोरे देशभर जातात. म्हणजे मोठ्या गवयाच्या मागे जो तंबोरा वाजतो, तो आधी कुणा शेतकऱ्याच्या रानात वेलावर वाढलेला असतो. तो वेल राखायला बाईच गेलेली असणार.

तिथे उभं राहून सीआरपी ताईंनी आम्हाला हिराबाई बडोदेकरांची गोष्ट सांगितली. हिराबाई 1905 साली मिरजेत जन्मल्या. वडील मोठे गवई, अब्दुल करीम खाँ. आई ताराबाई. पुढे ताराबाई पाच मुलांना घेऊन नवऱ्यापासून वेगळ्या झाल्या आणि मुलांना वाढवलं. तो काळ असा की घरंदाज बाईने चारचौघांत गाऊ नये. गाणारी बाई म्हटली की लोक वेगळ्या नजरेने बघायचे. अशा काळात हिराबाई तिकीट लावून जाहीर मैफल करायला बसल्या. अंगभर पदर घेऊन, शांतपणे, मान खाली न घालता. असं करणाऱ्या त्या अगदी पहिल्या बायकांपैकी. पुण्यात त्यांचं आयुष्य गेलं. सरकारने 1970 साली पद्मभूषण दिला. त्यांच्या आणि त्यांचे भाऊ सुरेशबाबू माने यांच्या हाताखाली पुण्याच्या प्रभा अत्रे शिकल्या आणि त्याही देशभर गाजल्या.

आता सांगा, हे आपल्याला न कळण्यासारखं आहे का? राग कुठला ते नाही कळलं, चालेल. पण चारचौघांत उठून बोलायला बाईला किती बळ लागतं, ते आपल्याइतकं कुणाला कळणार? पहिल्या ग्रामसभेत उभं राहताना माझे पाय कापत होते. बँकेत सही करताना हात कापत होता. हिराबाईंचाही गळा पहिल्या दिवशी कापला असेल की नाही, कोण जाणे. पण त्या बसल्या, म्हणून पुढच्या मुलींना बसता आलं.

भाकरी, फुलराणी आणि फुले वाडा

दुपारी सारसबागेत तळ्यातल्या गणपतीचं दर्शन घेतलं. झाडाखाली बसून भाकरी, पिठलं, ठेचा खाल्ला. बाहेर जेवलो असतो तर सगळ्या सहलीचा हिशोब कोलमडला असता. शेजारीच पेशवे पार्क आहे. तिथे 'फुलराणी' नावाची लहान मुलांची आगगाडी आहे, 1956 साली सुरू झालेली. मुलं बसली. मग आम्हीही बसलो. आजी पुढच्या डब्यात होत्या.

मुलांसाठी पुण्यात आणखी बरंच आहे. कात्रजला प्राण्यांचं उद्यान आहे. कोथरूडला जोशी यांचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय आहे. नगर रस्त्याला आगाखान पॅलेस आहे. तिथे 1942 ते 1944 गांधीजींना कैदेत ठेवलं होतं आणि तिथेच 22 फेब्रुवारी 1944 ला कस्तुरबा वारल्या. त्यांची समाधी तिथे आहे. आमचं तिकडे जाणं झालं नाही, एका दिवसात होत नाही.

शेवटी गंज पेठेत महात्मा फुले वाड्यात गेलो. त्या पेठेला आता महात्मा फुले पेठ म्हणतात. इथे ज्योतिबा आणि सावित्रीबाई राहत होते. सावित्रीबाई आपल्या सातारा जिल्ह्याची लेक, नायगावची, 3 जानेवारी 1831 चा जन्म. ज्योतिबांचं मूळ गाव कटगुण, तेही आपल्याच जिल्ह्यात. 1848 साली पुण्यात भिडे वाड्यात मुलींची शाळा काढली. 1868 साली आपल्या घरचा पाण्याचा हौद सगळ्या जातींना खुला केला. ज्योतिबांनी 1869 साली शिवरायांवर पवाडा लिहिला, सावित्रीबाईंच्या कवितांचं पुस्तक 1854 साली आलं. म्हणजे त्यांनीही लोकांपर्यंत पोचायला गाण्याचाच आधार घेतला.

वाड्यात गोंगाट करणारी आमची मुलं आपोआप हळू बोलायला लागली. एका मुलीने विचारलं, "आई, शाळा काढली म्हणून लोकांनी यांना शेण का मारलं?" तिच्या आईला उत्तर देता येईना. मुलीला जवळ घेऊन म्हणाली, "तू शिक, मग तूच सांग मला."

येताना बसमध्ये

परतीच्या गाडीत अंधार पडला होता. मुलं झोपली. सीआरपी ताईंनी मोबाईलवर एक गाणं लावलं. बाईचा आवाज, मागे जात्याची घरघर. आम्ही सगळ्या कान टवकारून बसलो. जात्यावरची ओवी!

त्यांनी सांगितलं की हेमा राईरकर आणि मूळचे फ्रान्सचे गी पॉइटवँ, असे दोघे पुण्यात होते. मावळ, मुळशीच्या डोंगरी भागातल्या बायांबरोबर काम करता करता त्यांना कळलं की या बायांच्या ओव्यांत सगळं आहे. माहेर, भाऊ, सासुरवास, पंढरी, सीतामाई, बाबासाहेब, रानातलं काम. बाई कुणाजवळ बोलू शकत नव्हती ते जात्याजवळ बोलत होती. त्यांनी आणि त्यांच्या सोबतच्या कार्यकर्त्यांनी गावोगाव जाऊन एक लाखाहून जास्त ओव्या लिहून घेतल्या, गाणाऱ्या बाईचं नाव आणि गाव लिहून. आता 'परी', म्हणजे पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया, या संकेतस्थळावर त्या ऐकायला मिळतात.

सकाळी जी ताई म्हणाली होती ना, मोठ्या लोकांचं गाणं आपल्याला काय कळतंय, तीच पहिली म्हणाली, "माझ्या आईला अशा शंभर यायच्या." मग आजी गायला लागल्या. आवाज थरथरत होता. जेजुरीपासून लोणंदपर्यंत गायल्या. त्यातल्या दोन ओव्या त्यांनी स्वतःच्या मेलेल्या बहिणीवर रचलेल्या होत्या. त्यांच्या सुनेलाही ते माहीत नव्हतं. सून शेजारीच बसली होती. तिने आत्याबाईंचा हात धरला आणि शेवटपर्यंत सोडला नाही.

म्हणून म्हणते, माळ्यावरची भांडी बघायला पुण्याला कशाला जायचं, या प्रश्नाचं उत्तर मला त्या बसमध्ये मिळालं. ती काचेच्या कपाटात बघितली, तेव्हा आपल्या माळ्याकडे बघायचे डोळे आले. हिराबाईंची गोष्ट ऐकली, तेव्हा शेजारी बसलेल्या आजींचं गाणं ऐकायचे कान आले.

आम्ही परत आल्यावर काय केलं

नुसतं रडून, गाऊन घरी नाही गेलो. पुढच्याच बैठकीत दोन ठराव केले.

एक, 'जुन्या वस्तूंची वही'. प्रत्येकीने घरातल्या जुन्या वस्तू खाली काढायच्या. वस्तूचं नाव, कशासाठी वापरायची, कुणाची होती, माहेरची की सासरची, हे लिहायचं. मोबाईलवर फोटो काढायचा. ठेवायची की विकायची ते घरच्यांनी ठरवावं. पण नाव लिहिल्याशिवाय विकायची नाही, आणि एकाच भंगारवाल्याच्या शब्दावर किलोने द्यायची नाही, दोन ठिकाणी विचारायचं. आतापर्यंत वहीत 64 वस्तू लिहून झाल्यात. जिल्हा परिषद शाळेच्या बाईंनी ती वही मुलांना दाखवायला मागून घेतली होती.

दोन, दर महिन्याच्या एका बैठकीत शेवटची पंधरा मिनिटं ओव्यांना. ज्येष्ठ बायांनी म्हणायच्या, शिकलेल्या मुलींनी मोबाईलवर घ्यायच्या आणि वहीत उतरवायच्या. गाणारीचं नाव आणि गाव लिहायचंच. ते लिहिलं नाही तर उद्या कुणीही म्हणेल, लोकगीत आहे, कुणाचं माहीत नाही. बाईचं काम असंच तर बेनाव होतं.

जाणार असाल तर

तुमच्या गटाला जायचं असेल, तर आमच्या चुकांवरून शिका.

1. एका दिवसात तीनच ठिकाणं ठरवा. आम्ही पाच ठरवली होती. शनिवारवाडा राहिलाच.

2. निघायच्या आधी प्रत्येक ठिकाणी फोन करून वेळ, तिकीट आणि सुट्टीचा वार विचारा. आम्ही एका ठिकाणी न विचारता गेलो आणि बंद दारासमोर उभं राहिलो. उन्हात तासभर वाया गेला.

3. स्वच्छतागृह कुठे आहे ते आधी माहीत करून घ्या. लाजून पाणी न पिता फिरू नका. आमच्या दोघींनी तसं केलं आणि संध्याकाळी त्यांचं डोकं दुखत होतं.

4. सगळ्यांची आधार कार्डं बरोबर. मुलांच्या खिशात मोबाईल नंबर लिहिलेली चिठ्ठी.

5. दोघी दोघींच्या जोड्या करा. एक वयस्कर, एक तरुण. मोजणी जोडीने होते, कुणी मागे राहत नाही.

6. जेवण घरून न्या, पाण्याच्या बाटल्याही.

7. प्रत्येकीने घरी आल्यावर एका तरी माणसाला, सासूला, नवऱ्याला, मुलीला, जे बघितलं ते सांगायचं. आमचे मालक आता विचारतात, पुढच्या वर्षी कुठे?

पुढच्या वर्षीची सहलवही सुरू झाली आहे. 615 रुपये आधीचे आहेतच. यंदा मिरज म्हणतोय आम्ही. भोपळ्याचा तंबोरा कसा होतो ते बघायचंय, आणि पंढरपूरच्या आमच्या ताईंना तर बघायचंच आहे की त्यांच्या रानातला भोपळा पुढे जाऊन काय होतो.

आजी आज इथे आल्यात, तिसऱ्या रांगेत बसल्यात. त्यांनी मला सांगितलंय की माझं नाव घेऊ नको. नाही घेत. पण त्यांच्या ओव्या वहीत आहेत, आणि तिथे त्यांचं नाव आहे.

एवढं बोलून थांबते. जय जिजाऊ, जय सावित्री.